जादूघराबाहेरचे डाक्टर

डाक्टरांना खुर्चीत टेकलेलं मी फार क्वचित पाहिलं. बसलेच तर असे बसायचे, की आता कोणीतरी हाक मारणार आणि यांना उठावं लागणार. चहा उभ्याने, वर्तमानपत्र उभ्याने. आमच्या छापखान्यात प्रूफ तपासायला आले की कटिंग मशिनला पाठ टेकून, एक पाय सारखा हलवत वाचायचे. बाबा त्यांच्यासाठी स्टूल ओढायचे. "राहू द्या भाऊ," डाक्टर म्हणायचे, "बसलो का गंज चढते."

महिन्यातल्या एका संध्याकाळी तर चालणं हे त्यांचं कामच असे. चंद्रपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये चिंचेच्या झाडांमागे एक जुनी कौलारू इमारत आहे. गाव तिला जादूघर म्हणतं. खरं पाहता ती फ्रीमेसन लोकांची लॉज. गावातले काही वकील, डॉक्टर, बँकेचे मॅनेजर, कोळसा खाणीतले अधिकारी, दोन-चार व्यापारी तिथे जमतात, एकमेकांना बंधू म्हणतात आणि आत काय होतं ते बाहेर सांगत नाहीत. सभा सुरू झाली की दार लागतं, आणि ओसरीवर एकाने उपसलेली तलवार घेऊन राखण करायची असा त्यांचा रिवाज आहे. ही राखण डाक्टरांकडे होती. काळा कोट, कमरेला पांढरा ॲप्रन, हातात तलवार, आणि ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या.

गावात या घराबद्दल काय काय बोललं जाई. आत टेबलावर कवटी असते, नवीन माणसाला डोळे बांधून विहिरीच्या काठावरून चालवतात, बकरा कापतात. रस्त्याने जाणारा एखादा पानवाला कुंपणाशी थांबून विचारी, "काय डाक्टर, कापला का आज बकरा?"

"कापणार होते," डाक्टर चालता चालता म्हणत, "मीच त्याले ताप आहे म्हणून सर्टिफिकेट देल्लं."

हे सर्टिफिकेट देणं त्यांच्या अधिकारातलं होतं, कारण ते जनावरांचे डॉक्टर. गाव तोंडावर डाक्टरसाहेब म्हणे आणि पाठीमागे ढोरडाक्टर, आणि ते दोन्ही नावांना सारखीच ओ देत. सगळी नोकरी त्यांनी जंगलपट्ट्यात काढली. कोरपना, सिरोंचा, आणि सगळ्यात जास्त एटापल्ली. त्या काळी एटापल्लीच्या पुढे रस्ता असा नव्हताच. लशींची पेटी गड्याच्या डोक्यावर देऊन ते गावोगाव पायी जात. पायांना चाळा लागला तो तिथे, असं ते सांगायचे. आणि दुसरं एक सांगायचे: "बैल तुमची डिग्री पाहत नाई, जात पाहत नाई. लाथ मारायची असली का मारतेच. म्हणून मले त्याचा राग कधी आला नाई."

जातीचा उल्लेख ते असा सहज करत, पण तो सहज नव्हता. डाक्टर बौद्ध. त्यांच्या बापाने दीक्षा घेतली तेव्हा ते पाळण्यात होते. शिकले, अधिकारी झाले, आणि तरी ज्या गावात बदली होई तिथे भाड्याची खोली शोधताना आडनाव विचारलं जाई. लॉजमध्ये का गेलात, असं मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं, "बाहेर कोणी मले साहेब म्हणे, कोणी आणखी काही म्हणे. आत गेलो का बंधू. एकच शब्द. मले तो पाहिजे होता."

त्यांच्या शर्टाच्या खिशात बोटाएवढी पितळी पाणसळ असे, पातळी पाहायला गवंडी वापरतात तशी. लॉजची सगळी चिन्हं गवंड्याच्या पेटीतली: गुण्या, ओळंबा, पाणसळ. बाबांचा आणि कागदवाल्याचा एकदा जोरात वाद चालला होता, तेव्हा डाक्टरांनी ती काढून टेबलावर ठेवली आणि दोघांना म्हणाले, "बुडबुडा मधात येऊ द्या, मंग बोला." टेबलच वाकडं होतं. बुडबुडा मधे येईना. दोघं टेबलाखाली घड्या घातलेले कागद सारायला लागले, आणि वाद तेवढ्यात विरला.

माझी आणि त्यांची खरी ओळख मात्र भांडणातून झाली. मी पत्रकांवर वाढलो. आमच्या छापखान्यात लग्नपत्रिका पोटासाठी छापल्या जात आणि मोर्च्यांची पत्रकं मनासाठी. मी अक्षरं शिकलो ती 'चलो', 'धिक्कार' आणि 'आमच्या मागण्या' या शब्दांतून. नागपूरहून शिकून परत आल्यावर मी जे पहिलं मोठं पत्रक लिहिलं ते जादूघरावर. 'बंद दाराआड कोण?' असं त्याचं नाव. ज्या जिल्ह्यात कोळसा कोणाचा, जंगल कोणाचं हे सगळं बंद दारांआड ठरतं, तिथे आणखी एक बंद दार कशाला, असा माझा सवाल होता. बाईला प्रवेश नाही, गरिबाला प्रवेश नाही, आणि बंधुत्वाच्या गप्पा. मला आजही त्यातला एक शब्द मागे घ्यावासा वाटत नाही.

प्रूफ मशिनवर असतानाच डाक्टर लॉजची निमंत्रणं छापायला म्हणून आले. बाबांची तारांबळ उडाली. डाक्टरांनी ते प्रूफ उचललं आणि फेऱ्या मारत मारत शेवटपर्यंत वाचलं.

"हे तू लिहिलं?"

"हाव."

"खिडक्या विटांनी बुजवल्या आहेत लिहिलं तू. बुजवल्या नाईत. पडदे आहेत. तेवढं सुधार, नाईतर लोक म्हणतीन बाकीचंही असंच आहे." मग बाबांना म्हणाले, "भाऊ, याच्यातली एक गड्डी मले द्या. विकत."

ती गड्डी त्यांनी पुढच्या सभेत ओसरीवर उभं राहून आत जाणाऱ्या प्रत्येक बंधूच्या हातात दिली. हे मला लॉजमधल्याच एका डॉक्टरांकडून कळलं, जे त्यावरून महिनाभर बाबांशी बोलत नव्हते. मी डाक्टरांना जाब विचारायला त्यांच्या घरी गेलो. माझ्या पत्रकाची थट्टा केली असं मला वाटत होतं.

"थट्टा काऊन करू?" ते म्हणाले. "त्यायनं वाचायले पाहिजे. बाईचं तू जे लिहिलं ते मी इतकी वर्षं घरी ऐकतो."

त्यांच्या पत्नी, आम्हा सगळ्यांच्या बाई, आतून म्हणाल्या, "ऐकता. करत तर काई नाई."

त्यानंतर आमचं फिरणं सुरू झालं. संध्याकाळी रामाळा तलावाच्या कडेने ते पुढे आणि मी मागे, बोलायला मला अर्धं पळावं लागे. मी विचारायचो, लपवण्यासारखं काही नाही तर लपवता कशाला. ते म्हणायचे, तू तुझ्या बायकोशी काय बोलतो ते चौकात सांगतो का. मी म्हणायचो, बायको आणि बँकेचा मॅनेजर यात फरक आहे. ते हसायचे. एका प्रश्नाला मात्र ते हसत नसत. डाक्टर एकदा लॉजचे प्रमुख होऊन गेले होते, आतल्या मुख्य खुर्चीवर बसले होते. मग सगळे कंटाळून टाळतात ते बाहेर उभं राहण्याचं काम त्यांनी मागून का घेतलं? हे विचारलं की ते पावलं वाढवत.

पुंगाटी सर त्या सुमाराला मधे आले. आमच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणारे, माडिया गोंड, गाव एटापल्लीच्या पलीकडे. डाक्टर तिकडे असताना सरांच्या बापाच्या घरी उतरत, आणि पुढे सर शिकायला चंद्रपूरला आले तेव्हा डाक्टरांच्या घरी राहिले. बाईंनी त्यांना मुलासारखं जेवू घातलं. या पुंगाटी सरांनी लॉजमध्ये जाण्यासाठी अर्ज केला आहे, असं ऐकल्यावर मी तडक त्यांच्या स्टाफरूममध्ये गेलो.

"सर, तुम्ही? तिथी?"

ते दगडांचे नमुने पुसत होते. "मले या गावात दोन ठिकाणी बोलावते. आदिवासी दिनाले भाषण द्यायले, आन पाहुणे आले का रेला नाचायले. तिसऱ्या ठिकाणी जाऊन पाहतो म्हटलं."

"पण दार बंद करून बसणारी माणसं आहेत ती."

"आमचं पेनठाणं माहीत आहे तुले? आमच्या कुळाचे देव जिथी राहतात ते? तिथी तुले येता येते का?"

मी नकारार्थी मान हलवली.

"दुसऱ्या कुळाच्या गोंडालेही येता येत नाई. काढ मंग त्याच्यावर एक पत्रक. मी वाटतो."

मी स्टाफरूममधून उतरलो तेव्हा माझे कान गरम झाले होते. पेनठाण्याचं दार आणि बँक मॅनेजरचं दार एक नाही, हे उत्तर मला जिन्यात सुचलं. ते बरोबर उत्तर आहे असं मी अजून मानतो. पण त्यानंतर मला नुसतं 'बंद दार' असं लिहिता आलेलं नाही. कोणाचं, कोणासाठी, हे लिहावं लागतं, आणि वाक्य लांबतं.

लॉजमध्ये नवीन माणूस घ्यायचा तर गोट्यांनी मत देतात. पांढरी म्हणजे हो, काळी म्हणजे नाही, पेटीत हात घालून टाकायची, कोणाची कोणती ते कळत नाही. काळी निघाली की नाव पडलं. ज्या दिवशी पुंगाटी सरांचं नाव होतं त्याच्या दुसऱ्या सकाळी डाक्टर छापखाना उघडायच्या आधीच शटरसमोर फेऱ्या मारत होते. "सगळ्या पांढऱ्या भाऊ," ते बाबांना म्हणाले. "एकही काळी नाई."

अडलं ते पुढे. नवीन माणूस आत शपथ घेतो, ती आपल्या धर्माच्या ग्रंथावर हात ठेवून. म्हणून आत टेबलावर निरनिराळ्या धर्मांचे ग्रंथ मांडलेले असतात, हे डाक्टरांनीच कधीतरी सांगितलं होतं, ते गुपितात मोडत नाही. निमंत्रणाचं प्रूफ पाहायला त्या वर्षीचे प्रमुख, एक वकीलसाहेब, डाक्टरांबरोबर आमच्याकडे आले. शांत, नेमकं बोलणारे गृहस्थ.

"पुंगाटींसाठी ग्रंथ कोणता ठेवायचा?" वकीलसाहेबांनी विचारलं. "हिंदूंचाच धरू ना?"

"धरू म्हणजे? त्याले विचारा."

"विचारलं. ते म्हणतात आमच्यात पुस्तक नसतं. डाक्टर, मला त्यांच्याबद्दल काही नाही, मी पांढरी टाकली आहे. पण कशावर तरी हात ठेवावा लागेल. हवेवर शपथ कशी देऊ?"

डाक्टरांचा पाय हलायचा थांबला. मग एकदम दुप्पट वेगाने हलायला लागला.

दोन दिवसांनी ते बाबांकडे एक काम घेऊन आले. जाड कागदाचं पुस्तक बांधून हवं होतं. लाल कापडी बांधणी, कोपऱ्यांना चामडं, आतला कागद उत्तम. छापायचं काहीच नाही.

"कोरं?" मी विचारलं.

"कोरंच. मी लिहिणारा कोण? त्याचा धर्म, तो लिहीन. पण टेबलावर त्याचं पुस्तक राहीन. बाकी सगळ्यांच्या बरोबरीनं, तेवढंच उंच."

इतके खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. बाबांनीही जीव ओतून बांधलं. शिवण दुहेरी, कडा तासून गुळगुळीत.

रविवारी सकाळी डाक्टरांनी आपल्या घरी ते सरांच्या हातात दिलं. मीही होतो. बाई पोह्यांच्या ताटल्या घेऊन उभ्या होत्या. सरांनी पुस्तक उघडलं, एक पान उलटलं, दुसरं उलटलं, मधूनच उघडून पाहिलं, शेवट पाहिला. मग मिटून मांडीवर ठेवलं आणि कापडावरून तळवा फिरवत राहिले.

"शाळेत दाखल झालो तेव्हा मास्तरनं बापाले विचारलं, धर्म कोणता," सर म्हणाले. "बापानं जे सांगितलं ते मास्तरले लिहिता नाई आलं. त्यानं तो रकाना कोरा ठेवला. डाक्टर, तुम्ही तो रकाना बांधून आणला."

बाईंनी ताटल्या खाली ठेवल्या. "मी म्हटलं होतं," त्या हळूच म्हणाल्या, "आधी पोराले विचारा."

डाक्टर उभे होते तिथेच उभे होते. येरझाऱ्या नाहीत, पाय हलत नाही. सरांनाच ते सहन झालं नाही. ते म्हणाले, "तुमच्या मनात काय होतं ते समजते मले. पण आमच्यात कोरं काईच नाई. गावात भांडण झालं का माझा बाप पंचासमोर वाकून जमिनीवर हात ठेवे आन बोले. मंग त्याले कोणी साक्षीदार मागत नसे. खोटं बोलला तर त्याच जमिनीत धान कसा पेरीन, असा हिशेब. तेवढीच शपथ आहे आमची."

डाक्टर वळले ते भिंतीवरच्या फळीकडे. तिथे त्यांच्या घरातलं बुद्धरूप होतं, बोटं खाली सोडून भुईला टेकवलेलं, घरोघरी असतं तसं. ते त्या हाताकडे बघत राहिले.

"याले भुलवायले आलेल्या मारानं विचारलं होतं, तुझा साक्षीदार कोण," ते म्हणाले. "यानं पुस्तक नाई काढलं. जमिनीले हात लावला. मी रोज याच्यापुढं मेणबत्ती लावतो. आन मले सुचलं काय? बायंडिंग."

मग ते खरोखर बसले, आणि मी ज्या प्रश्नामागे तलावाभोवती पळत होतो त्याचं उत्तर न विचारता मिळालं. डाक्टर लॉजमध्ये गेले तेव्हा टेबलावर बौद्धांचा ग्रंथ नव्हता. कोणी विचारलं नाही. आडनाव वाचून कोणीतरी हिंदूंचा पुढे सरकवला. "मी म्हणू शकत होतो, हा माझा नाई. बापानं दीक्षा घेऊन ज्याच्यासाठी गाव सोडलं ते त्या एका मिनिटात बोलायचं होतं. नाई बोललो. आत जायचं होतं ना मले. हात ठेवला. मंग बंधू म्हणाले सगळे, गळ्यात गळा घातला, मी प्रमुखही झालो. पण आत बसलो का वाटे, आत बसला तो दुसराच कोणी आहे. म्हणून बाहेरचं काम मागून घेतलं. बाहेर कोणी शपथ विचारत नाई."

मी तरुण होतो आणि मला एकच गोष्ट करता येत होती. "राजीनामा द्या," मी म्हटलं. "जाहीर द्या. मी छापतो."

"आन मंग?"

"मग काय? निषेध."

"मंग याचं कोण बोलीन तिथी?" त्यांनी सरांकडे बोट केलं. "तू? तू कुंपणाबाहेर. बावा, तुले दार तोडायचं आहे. मले एका माणसाले त्याच्या नावानं आत न्यायचं आहे. तुझं काम तू कर. पण माझ्या अंगावरून नको करू."

आम्ही वाईट भांडलो. मी त्यांना भित्रा म्हटलं नाही, पण म्हटल्यासारखंच काही म्हटलं, आणि ते योग्यच होतं असं मला तेव्हा वाटत होतं. घरी येऊन मी रागाच्या भरात दुसरं पत्रक लिहायला घेतलं: एका आदिवासी प्राध्यापकाला जादूघर कसं ओसरीवर ताटकळत ठेवतं. सरांना दाखवायला नेलं. त्यांनी पहिली ओळ वाचून परत दिलं. "माझं नाव काढ."

"पण मुद्दा तुमचाच आहे."

"मी मुद्दा नाई," ते म्हणाले. "मले सभेतही मुद्दाच करतात."

डाक्टरांनी मागणी मांडली: पुंगाटींना मातीवर हात ठेवून शपथ घेऊ द्यावी. वकीलसाहेबांचं म्हणणं, ग्रंथ तो ग्रंथच पाहिजे, असा प्रघात आहे. मग वरच्या लॉजला विचारायचं ठरलं. पत्र गेलं. उत्तर येईना. डाक्टर दर सभेला दाराबाहेर तलवार घेऊन उभे राहत आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाला विचारत, "आलं का?" सबंध उन्हाळा असा गेला, चंद्रपूरचा उन्हाळा, ज्यात कौलंसुद्धा तडकतात. त्यांच्या हृदयाने याच दिवसांत कुरकूर सुरू केली. तलावाच्या फेरीत ते खांबाखांबाशी थांबू लागले. थांबलो असं दाखवत नसत, समोरच्या म्हशीची तब्येत पाहतो आहे असं दाखवत. मी पुन्हा त्यांच्या मागे चालायला लागलो होतो. आता पळावं लागत नव्हतं, आणि तेच मला बघवत नव्हतं.

धानाची रोवणी संपत आली तेव्हा उत्तर आलं. ज्यावर हात ठेवल्याने त्या माणसाला आपण बांधले गेलो असं मनापासून वाटतं, ते चालेल. टेबलावरचे ग्रंथ असतील तिथे असू द्यावेत, शेजारी मातीला जागा द्यावी. डाक्टरांनी ते पत्र सरांच्या घरी नेऊन वाचलं. सर खूश झाले नाहीत.

"माझ्या बापाच्या शपथेले मंजुरी आली म्हणता," ते म्हणाले. "ती मागावी लागली, हेच मले लागते. राहू द्या डाक्टर. मी अर्ज मागे घेतो."

मला आनंद झाला, आणि मी तो लपवला नाही. डाक्टरांनी पत्राची घडी केली. "घे मागे," ते म्हणाले. "तुझा हक्क आहे. पण मी पण एक मागितलं आहे त्यायले. माझी शपथ नव्यानं घ्यायची. वकील म्हणते, असं करा म्हणून नियम नाई आन करू नका म्हणूनही नाई. तुझ्याच दिवशी, तुझ्याच मातीवर घ्यायची होती. तू नसला तर त्या खोलीत मी कोणाकडं पाहून बोलू?"

सरांनी डाक्टरांच्या हातातून ते पत्र घेतलं आणि खिशात ठेवलं. आत काय घडतं ते पाहायला आतला माणूसच व्हावं लागतं, दुसरा मार्ग नाही. मला वाटतं, त्यांनी होकार दिला तो लॉजला दिला नाही.

पुढच्या सभेच्या दिवशी सर गावाहून बसने आले. सोबत पळसाच्या पानांचा शिवलेला द्रोण, त्यात बापाच्या बांधीतली, धानाच्या शेतातली, लाल माती, वर पान झाकलेलं. मी कुंपणाशी उभा होतो. विरोध म्हणून उभा होतो की सोबत म्हणून, हे मला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. डाक्टर काळ्या कोटात आले. बाईंनी धुऊन इस्त्री केलेले पांढरे हातमोजे चढवलेले. त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली आणि सरांच्या मागोमाग आत गेले. दार लागलं. दोघंही आत, मग ओसरीवर कोण?

तलवार घेऊन वकीलसाहेब बाहेर आले.

मी फाटकातून आत गेलो. "आज तुम्ही? तुम्ही तर प्रमुख आहात."

"खुर्चीवर आज मागच्या वर्षीचे बसलेत. कोणाला तरी बाहेर उभं राहावं लागतं."

"तुमचा तर विरोध होता."

"होता. आहे. माझ्या मते प्रघात मोडला." त्यांना तलवार कशी धरायची ते नीट जमत नव्हतं. "पण डाक्टरांनी इतकी वर्षं आमच्यासाठी दार राखलं. आज ते आत आहेत, आणि ही तलवार मी दुसऱ्या कोणाच्या हातात देणार नव्हतो. तुम्ही जरा फाटकाबाहेर थांबा. तेवढा नियम मला पाळू द्या."

मी बाहेर थांबलो. चिंचेखाली मच्छर होते. आतून काही ऐकू येत नव्हतं. मी ज्या पडद्यांबद्दल चुकीचं लिहिलं होतं त्यांच्या कडेने पिवळा उजेड तेवढा दिसत होता. मला त्या दाराला धक्का द्यावासा वाटत होता, आणि ते कोणी उघडू नये असंही वाटत होतं.

ती सभा डाक्टरांची शेवटची ठरली. दिवाळीच्या आधी, सकाळी दूध आणायला गेले असताना ते रस्त्यात कोसळले. स्मशानात भंतेजींनी वंदना म्हटली. लॉजचे सगळे बंधू आले, आणि त्यांच्या रांगेत पुंगाटी सरही होते. मी रांगेबाहेर होतो.

काही दिवसांनी सर आणि मी बाईंना भेटायला गेलो. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "सर, मला नका सांगू. मी विरोधकच आहे. पण बाईंना तरी सांगा. डाक्टर काय बोलले आत? त्यांनी जन्मभर ज्याची वाट पाहिली ते झालं का?"

सरांनी बाईंकडे पाहिलं. "बाई, मी शब्द देल्ला आहे," ते म्हणाले. "बापाच्या मातीवर देल्ला."

मला संताप आला. या बाईने जन्मभर त्या लॉजचे कपडे धुतले, इस्त्री केली, सभेच्या दिवशी ताट झाकून वाट पाहिली, आणि तिच्याच नवऱ्याचा सगळ्यात मोठा क्षण तिला कळायचा नाही. मी तसं बोललोही.

"तू काऊन तापून राह्यला?" बाई म्हणाल्या. "यायनं आपल्या तोंडानं मले काईच नाई सांगितलं, तेही खरं. विचारलं असतं तर भांडलीच असती, का मले काऊन नाई नेलं म्हणून." त्यांनी चहा कपात ओतला. "पण त्या दिवशी आल्यावर यायचे हातमोजे भिजवले मी. एवढ्या वर्षांत धुतले, कधी मळलेले नसत. बाल्टीतलं पाणी लाल झालं. म्हटलं, ठेवला आज हात."

सर उठून बाहेर ओट्यावर गेले. बाईंनी माझ्यापुढे चहा सारला आणि म्हणाल्या, "आता तू लिही तुझं. बाईले आत घेत नाईत, ते जाड अक्षरात लिही."